जुन्या फियाटला डिस्क ब्रेक

प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ड्रम तापतो, पकड ढिली पडते. म्हणून हौशी मालक पुढे डिस्क मागतात. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनी ध्यानात घ्यावे की नुसती डिस्क व कॅलिपर बसवून भागत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तोच नडतो. पाय काढला तरी पॅड घासत राहतात. तेव्हा डिस्कजोगा सिलिंडर घालावा. पायाचा जोरही जास्त लागतो, म्हणजे बूस्टर आला. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. गाडी आपल्याकडे अमानत असते. भंगारातला होज पाइप आम्ही तर फुकटही घेणार नाही. शेवटी गाडी रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक फारसा न दाबता चालवावी. पुढचे चाक चटका देत असेल तर ती मालकाला देऊ नये.