अक्षय निधी : विद्यापीठाला समाजाचे बळ

सोमाटणे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुण्याकडे निघाले, की थोड्याच अंतरावर घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. तेथील प्राचीन लेण्यांत एक ब्राह्मी शिलालेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने आपल्या पुत्रासह लेणे दान दिल्याची नोंद त्यात आढळते. लोकोपयोगी संस्था उभ्या करण्यात राजे आणि श्रेष्ठी यांच्याबरोबर नांगर धरणारी कुटुंबेही सहभागी होत, याची ही साक्ष मावळच्याच भूमीत आहे.

परंतु वास्तू उभी राहिली, तरी तेथे राहणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा निर्वाह कसा चालावा? या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ स्थापन केली. त्यांपैकी दोन हजार कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा एक या व्याजाने ठेवले. त्यांतून वर्षाला २४० कार्षापण मिळत व वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी देता येत. मूळ रक्कम परत करावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. आजच्या विद्यापीठांतील देणगी निधीचे तत्त्व नेमके हेच आहे.

दोन प्रकारच्या देणग्या

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि त्यांची अपार संपत्ती लयास गेली. विद्यापीठाच्या स्वाधीन केलेली देणगी मात्र टिकली. १८७८ मध्ये पूर्ण झालेला मनोरा दात्याच्या मातेच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो. दात्याचे ऐश्वर्य ओसरले, तरी योग्य हाती दिलेले दान पिढ्यांच्या उपयोगी पडते, हा यातील बोध होय.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे. १९१६ साली ते सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. मधला पस्तीस वर्षांचा काळ हे विद्यापीठ मुख्यतः समाजाच्या दातृत्वावर जगले. कर्वे यांनी सत्तरी ओलांडल्यावरही त्यासाठी परदेश प्रवास केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातेचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. पंधरा लाखांवर साडेतीन टक्के व्याज धरले, तरी वर्षाला ५२,५०० रुपये होतात. असे निश्चित उत्पन्न मागे असल्यावर संस्थेला उद्याची आखणी निर्धास्तपणे करता येते.

अनुदान आणि देणगी

शासकीय अनुदानाचा मोठा वाटा अध्यापक व कर्मचारी यांच्या वेतनावर खर्च होतो. गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, पारितोषिके, व्याख्यानमाला, दुर्मीळ ग्रंथ व संशोधनाची साधने यांसाठी देणगीचा उपयोग विशेष होतो. तथापि देणगी ही अनुदानाला पूरक आहे. शासनाची जबाबदारी तिच्यावर सोपविता येणार नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ यानुसार देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेस आहे. दाता निधीचा हेतू ठरवू शकतो; मात्र प्रवेश, परीक्षा व नियुक्त्या यांत त्याला अधिकार नसावा. ही मर्यादा पाळली, तरच विद्यापीठ सर्वांचे राहते.

आणखी एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. दहा हजार रुपयांच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी सहाशे रुपये मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी एवढ्या रकमेत विद्यार्थ्याचा वर्षाचा पुस्तकांचा खर्च भागला असता. आज तेवढ्यात एक-दोन संदर्भग्रंथही जेमतेम येतात. मुद्दल आकड्याने अक्षय राहते, पण महागाई त्याचे मोल झिजविते. यासाठी व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा. तसेच हेतू फार संकुचित ठेवू नये. एखादा विषय शिकविणे बंद झाले, तर त्याच विषयासाठी ठेवलेले पारितोषिक पडून राहते.

आपले कर्तव्य

सोमाटण्याशेजारीच तळेगाव दाभाडे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तेथे काचेचा कारखाना निघाला. थेंबाथेंबाने साठलेल्या धनाचे सामर्थ्य मावळला नव्याने सांगावयास नको.

मावळातील अनेक मुले आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. निधी असूनही माहितीअभावी अर्जच न आल्यास दात्याचा हेतू विफल होतो. म्हणून शिक्षकांनी अशा शिष्यवृत्त्यांची माहिती मुलांपर्यंत वेळेवर पोहोचवावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तिचे वाचन करावे. शिकून नोकरीस लागलेल्या ग्रामस्थांनी स्वेच्छेने वर्गणी काढून गावाच्या नावे एखादी शिष्यवृत्ती ठेवावी. अधिकाऱ्यांनी रीतसर पावती, लेखापरीक्षित हिशेब व लाभार्थ्यांची वार्षिक माहिती दात्यांना मिळेल अशी व्यवस्था पाहावी. हिशेब चोख असला, की दुसरा दाता आपणहून पुढे येतो.

घोरावडेश्वरच्या लेण्यात एका शेतकरी कुटुंबाचे दान शतकानुशतके वाचले जात आहे. त्याच पायथ्याशी राहणाऱ्या आजच्या शेतकऱ्याची मुलगी गावाच्या निधीतून पदवीपर्यंत पोहोचली, तर ती परंपरा पुढे चालली असे म्हणता येईल.