जे प्रश्न माळशेजला, तेच फुकेतला

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला रिसॉर्टच्या जाहिरातीतलं खरं-खोटं ओळखायला वेळ लागत नाही. फोटो कितीही हिरवागार असला, तरी माहुलीच्या पायथ्याचा धबधबा वैशाखात कोरडा असतो, हे आपल्याला ठाऊक असतं. ‘आसनगाव स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं लिहिलं असेल, तर कशाने दहा मिनिटं, हे आपण विचारतो. शेजारी लग्नाचं लॉन असेल, तर रात्री डीजे वाजणार हे गृहीत धरतो. माळशेजच्या पावसाला येणारा शहरातला पाहुणा ज्या गोष्टींना भुलतो, त्यांना आपण भुलत नाही. परदेशातलं हॉटेल निवडतानाही हीच नजर लागते, आणि लग्नाच्या वाढदिवसाला जाणार असाल तर जरा जास्तच लागते.

माझं माहेर धसईचं, सासर किन्हवलीचं. भाताची कापणी-झोडणी उरकली की आमच्याकडे लग्नं निघतात आणि सराई पावसाच्या तोंडापर्यंत चालते. त्यामुळे इथल्या कितीतरी जोडप्यांचे वाढदिवस एप्रिल-मेमध्ये येतात. आमचा मे अखेरचा. पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी हौसेने थायलंडमधल्या फुकेतचं पॅकेज काढून दिलं. मोबाइलवर हॉटेलचे फोटो दाखवले: निळाशार समुद्र, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस.

हंस आणि पाकळ्या खरंच होत्या. समुद्र मात्र गढूळ आणि खवळलेला होता, किनाऱ्यावर पोहायला बंदी असल्याची लाल निशाणं लागली होती. फी फी बेटांकडे जाणारी आमची बोट हवामानामुळे रद्द झाली. हॉटेल ‘समुद्रासमोर’ होतं हे खरं, पण मध्ये वाहता रस्ता होता. पाटोंगचा बांगला रोड जवळच असल्याने मध्यरात्र उलटली तरी गाण्यांचा दणदणाट खिडकीतून आत येत होता. खोलीतल्या बाथरूमची भिंत काचेची. पडदा होता, पण मला अवघडल्यासारखं होई. शेवटी ह्यांनी काउंटरवर जाऊन शांत खोली मागितली. मागच्या बाजूची मिळाली. तिथून समुद्र दिसत नव्हता, पण दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. सासू-सासरे, दीर-जावा, मुलं, पैपाहुणे अशा भरल्या घरात इतकी वर्षं काढल्यावर, कुणी हाक मारणार नाही अशा खोलीत आम्ही दोघं पोटभर बोललो. आमच्यासारख्यांना परदेशात जाऊन हवा असतो तो एकांत. हॉटेल निवडायचं ते तो मिळतो की नाही हे पाहून. सजावट त्यानंतर.

त्या सहलीनंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या जोडप्यांना मी जे सांगत आले, ते इथे लिहिते.

आधी महिना, मग देश

फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. त्याच थायलंडच्या पूर्वेकडच्या आखातातलं को सामुई बेट मेमध्ये बऱ्यापैकी कोरडं असतं; तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर उघडीप असते, म्हणून मेच्या वाढदिवसाला बाली चांगलं. मालदीवचा कोरडा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्न झालेल्यांनी त्याचा विचार करावा. श्रीलंकेत मेनंतर दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर पाऊस असतो, तेव्हा पूर्वेच्या त्रिंकोमालीकडे समुद्र शांत असतो. स्वित्झर्लंडला मेमध्ये जाणाऱ्यांनीही चौकशी करावी. बर्फाचा हंगाम संपून उन्हाळ्याचा सुरू होईपर्यंत डोंगरावरची बरीच हॉटेलं बंद असतात आणि काही रोपवे दुरुस्तीसाठी थांबवलेले असतात.

जागा नकाशावर पाहा

हॉटेलचं नाव नकाशात टाका आणि रस्त्यावरून काढलेली छायाचित्रं बघा. समुद्र आणि खोली यांच्यामध्ये रस्ता आहे का, शेजारी बार किंवा बांधकाम आहे का, रात्री जेवून चालत परत येता येईल का, हे घरबसल्या कळतं. हॉटेलने टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी टाकलेले फोटो पाहा. अभिप्राय वाचताना तुम्ही जाणार त्याच महिन्यातले, गेल्या वर्ष-दोन वर्षांतले वाचा. ‘आवाज’ हा विषय दोन-तीन जणांनी काढला असेल, तर ते हॉटेल सोडून द्या.

खोलीबद्दल लेखी विचारा

‘डबल’ म्हणजे एक मोठा पलंग आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग. बुकिंग करणाऱ्याने इथे लक्ष दिलं नाही, तर वाढदिवसाच्या रात्री दोन पलंग जोडत बसावं लागतं. ‘सी व्ह्यू’ खोलीतून समुद्र दिसतो, पण तो हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. ‘पार्शल’ लिहिलं असेल तर बाल्कनीच्या कोपऱ्यातून तुकडाभर दिसतो. बाथरूमची भिंत काचेची आहे का, शेजारच्या खोलीत उघडणारं दार आहे का, जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, हे ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. लिफ्टपासून आणि रस्त्यापासून लांबची खोली मागा. वाढदिवस आहे हेही कळवा. बरीच हॉटेलं केक किंवा सजावट मोफत करतात, मात्र ती मोफत आहे ना, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

सगळा खर्च मिळून दर किती?

दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतील, तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. थायलंडमध्ये 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 7 टक्के व्हॅट लागतो, म्हणजे 10,000 बाथची खोली 11,770 ला पडते. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये 2025 पासून माणशी, रात्री 12 डॉलर हरितकर आहे. शिवाय विमानतळावरून बेटापर्यंत नेणारी स्पीडबोट किंवा सीप्लेन यांचं भाडं बहुधा वेगळं असतं आणि ते शेकडो डॉलरपर्यंत जातं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल, तर पहिली रात्र मालेत काढावी लागते आणि रिसॉर्टचे त्या रात्रीचे पैसे फुकट जाऊ शकतात.

जेवण आणि कागद

मालदीवच्या खासगी बेटावर बाहेर जाऊन दुसरीकडे जेवायची सोय नसते. उपास, शाकाहार किंवा पथ्य असेल तर बुकिंगआधी बोला. खोलीत किटली आहे का हेही विचारा; चहाची पावडर आपण नेऊ शकतो. आपल्याकडे अनेकींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असतं. तिकीट, हॉटेल आणि व्हिसा अर्ज या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव घाला. युरोपच्या शेंगेन व्हिसाला राहण्याच्या जागेचा पुरावा आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या आणि कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात, ते लिहून ठेवा.

मुलं किंवा एजंट हौसेने बुकिंग करणार असतील, तर ही चौकशी त्यांच्याकडून करवून घ्या. विचारण्यात संकोच नको. भाताचे, दुधाचे, पगारातून बाजूला टाकलेले हे पैसे आहेत.

आणि हे सगळं पाहण्याआधी एक काम करा. कोणतेही फोटो न बघता नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहा: या सहलीत मला काय हवं आहे आणि काय मुळीच नको आहे. बायकोचा कागद आधी वाचा. घरी सगळ्यांच्या आधी उठते ती, त्यामुळे विश्रांती म्हणजे काय, हे तिला नेमकं सांगता येतं. कुणाला उशिरापर्यंत झोपायचं असेल, कुणाला समुद्रात पाय बुडवून बसायचं असेल, कुणाला फक्त आयतं ताट हवं असेल. त्या दोन कागदांत बसेल ते हॉटेल घ्या, मग त्याला तारे कितीही असोत.