खार म्हणावी की माकड?

मादागास्कर बेटावर 'आय-आय' नावाचा एक निशाचर प्राणी राहतो. त्याचे चित्र मी घरी आईला दाखवले. आई शाळेत गेलेली नाही. पाहताच म्हणाली, "ही तर घूस! शेपूट तेवढी खारीची." मला हसू आले. पण पुढे वाचल्यावर कळले की युरोपातील विद्वानही असेच म्हणाले होते. सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७८२ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १७८८ साली ग्मेलिनने त्याला सरळ खारींच्या प्रजातीत बसवले.

त्यांचे तरी काय चुकले? पटाशीचे दात उंदरासारखे जन्मभर वाढणारे, शेपूट झुबकेदार. पण पायाचा अंगठा पाहावा! तो इतर बोटांसमोर येतो व त्याला आपल्यासारखे चपटे नख असते. डोळ्याच्या खोबणीमागे हाडाची पूर्ण कमान असते. पिलाच्या दुधाच्या दातांत सुळाही असतो. खार-उंदरांना सुळा नसतोच. ही सारी लक्षणे नरवानर गणाची. १८६३ मध्ये रिचर्ड ओवेनने शरीररचनेचा सांगोपांग अभ्यास मांडून त्याला लेमूरांच्या शेजारी आणले.

मग दात उंदराचे का? आय-आय रात्री काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने फांदीवर टकटक करतो, कान देतो, पोकळ जागा सापडली की लाकूड कुरतडून त्याच बोटाने अळी ओढून काढतो. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाही. ते काम याने पत्करले. म्हणजे दात घडले ते कामामुळे. धंद्यावरून कूळ ठरवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. इथे ती सपशेल फसते.

आता डीएनएच्या तपासणीने तो लेमूरच ठरला आहे. लेमूरांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेली फांदी त्याची. तरी वाद मिटला असे नाही. केनियात सापडलेल्या काही जबड्यांच्या जीवाश्मांना सिम्पसनने १९६७ मध्ये लोरिसच्या कुळात घातले. १९६९ मध्ये ते वटवाघळाचे ठरले. २०१८ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो प्राणी आय-आयचा आप्त असल्याचे मत पुढे आले! ते खरे असेल, तर आय-आयचे पूर्वज बाकीच्या लेमूरांबरोबर मादागास्करला आले नाहीत. त्यांनी आफ्रिकेतून वेगळ्याच खेपेने समुद्र ओलांडला.

– द्वितीय वर्ष, कला