गुंजेहून लहान सोने

सोने कोणाला ठाऊक नाही? घरात गुंजभर सोने असले तरी ते कुठे ठेवले आहे हे घरच्या बाईला झोपेतून उठवून विचारा, ती बरोबर सांगेल. पाऊस दगा देतो, मुलीचे लग्न निघते, कोणी आजारी पडते, की हेच सोने सराफाकडे गहाण पडते. म्हणून सोन्याची किंमत आपण वजनाने करतो. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हा हिशोब आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होता. आता सराफ ग्रॅमवर तोलतात. पण गोष्ट तीच. वजन जास्त, तर दाम जास्त.

सोन्याची खाणही आपल्याला फार परकी नाही. रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे सोन्याची खाण आहे. १९५६ सालापर्यंत रायचूर, नांदेड आणि लातूर ही सारी एकाच हैदराबाद राज्यात होती.

या धड्यात आम्ही सोन्याची दुसरी बाजू सांगणार आहोत. सोने फार म्हणजे फार बारीक केले की त्याचा रंग बदलतो, स्वभाव बदलतो. रोग ओळखणे, शरीराच्या आतले दाखवणे, विषारी वायूचा नाश करणे, अशी कामे ते करू लागते. यातली काही कामे आज आपल्या गावात चालू आहेत. काही अजून प्रयोगशाळेतच आहेत. हा फरक ज्याला कळत नाही तो माणूस फसतो. म्हणून धडा सावकाश वाचा.

किती बारीक?

लातूरच्या गंजगोलाईत जा, नाहीतर नांदेडच्या सराफ्यात जा. सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि भट्टीतली राख गोळा करणारे लोक असतात. त्यांना झारेकरी म्हणतात. ते ती धूळ धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण वेचतात. झारेकऱ्याची नजर तीक्ष्ण असते. तरी त्याला दिसणारा सर्वांत लहान कण आपल्या कामाला फार मोठा आहे.

सगळे पदार्थ अणूंचे बनलेले आहेत. एका गुंजेत सोन्याचे किती अणू असतील? ३७ हा आकडा लिहा आणि त्याच्यापुढे १९ शून्ये द्या. तितके!

असे अणू मोजायला मापही तसेच बारीक लागते. पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या. त्याचे दहा लाख सारखे भाग करा. त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

सोन्याच्या काही थोड्या अणूंचा, फार तर एकदोनशे अणूंचा, पुंजका केला तर तो दोन नॅनोमीटरहून लहान होतो. शास्त्रज्ञ त्याला नॅनोक्लस्टर म्हणतात. द्राक्षांचा घोस असतो तसा हा अणूंचा घोस. आपण त्याला घोसच म्हणू. याहून मोठे, दहा-वीस किंवा चाळीस नॅनोमीटरचे जे कण असतात, त्यांना आपण नॅनोकण म्हणू. दोन्ही बारीकच, पण दोघांचे गुण वेगळे आहेत.

एक घोस शास्त्रज्ञांच्या फार ओळखीचा आहे. त्यात बरोबर २५ अणू असतात. एक मध्ये, बारा त्याच्या भोवती, आणि बारा बाहेरच्या अंगाला. त्यावर गंधक असलेल्या द्रव्याची साल असते. ही साल नसेल तर घोस एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सोन्याचा गोळा होतो. या घोसाची रचना २००८ साली नक्की कळली.

बारीक केल्याने काय होते?

गुळाची ढेप पाण्यात टाका, विरघळायला वेळ लागतो. तोच गूळ किसून टाका, लगेच विरघळतो. कारण पाण्याला शिवायला जास्त अंग मिळते.

सोन्याचे तसेच आहे. एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा सोन्याचा ठोकळा घ्या. त्याचे वजन १९.३ ग्रॅम भरेल, म्हणजे दोन तोळ्यांहून कमी. त्याच्या सहा बाजूंचे मिळून अंग होते ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एक-एक नॅनोमीटरचे ठोकळे पाडले अशी कल्पना करा. सगळ्यांचे अंग मिळून ६,००० चौरस मीटर भरते. हा झाला सुमारे दीड एकर! वजन गुंजभरही वाढले नाही, पण काम करायला दीड एकर रान मिळाले.

रंगही बदलतो. १८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवले की पाण्यात पसरलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण माणकासारखे लाल दिसतात. हा रंग बाहेरून दिलेला नसतो. तो त्या कणांचाच.

घोस त्याहून बारीक. त्याला तो लाल रंग राहत नाही. मात्र त्याच्यावर जांभळ्यापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण पाडले की तो स्वतः उजेड देतो. बँकेत खरी-खोटी नोट पाहण्याच्या दिव्याखाली नोटेतला धागा कसा चमकतो? तसेच.

हे कण कसे करतात?

सोने कुटून इतके बारीक होत नाही. आधी ते अम्लराज नावाच्या तेजाबात विरघळवतात. मग त्या द्रावणातून अणू पुन्हा एकत्र आणतात, आणि हवा तेवढाच पुंजका झाला की त्याच्यावर साल चढवतात.

पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ती १९५० साली सुरू झाली. तेथे डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी एक मौजेचा प्रयोग केला. त्यांनी गवती चहाची पाने पाण्यात उकळली आणि तो काढा सोन्याच्या द्रावणात घातला. त्यातून सोन्याचे सूक्ष्म, चपटे, तीन कोनांचे कण तयार झाले. हे काम २००४ साली जगापुढे आले. हे कण घोसाहून पुष्कळ मोठे होते. पण परसातल्या गवती चहातही सोन्याला आकार देण्याचा गुण आहे, हे यावरून समजले. तेजाब अंगावर पडले तर मांस जाळते. तेव्हा हा प्रयोग घरी कोणी करू नये.

आशाताईंच्या हातातली रेघ

आता गावातले सोने पाहू. आपल्या आशाताईंजवळ गर्भ राहिला की नाही हे पाहण्याची पट्टी असते. तिचे नाव ‘निश्चय’. लघवीचे थोडे थेंब टाकले की थोड्या वेळाने लालसर रेघ उमटते. हिवतापाच्या कार्डावर बोटाचे रक्त घेतात, तेथेही अशीच रेघ येते. कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ साली नाकातला स्राव घेऊन पट्टीवर तपासणी होत असे, ती अनेकांना आठवत असेल.

अशा बहुतेक पट्ट्यांवरचा लाल रंग हा सोन्याचा असतो! हे नॅनोकण असतात. त्यांच्यावर एक द्रव्य बसवलेले असते, ते रोगाची किंवा गर्भाची खूण तेवढी पकडते. कंदिलाच्या वातीत तेल चढते तसा थेंब पट्टीत चढतो आणि सोन्याचे कण पुढे नेतो. खूण सापडली तर कण पहिल्या रेघेवर अडकतात आणि रेघ लाल होते. उरलेले कण दुसऱ्या रेघेवर अडकतात.

येथे वाचता येण्याचा उपयोग बघा. पट्टीवर ‘टी’ आणि ‘सी’ ही इंग्रजी अक्षरे असतात. दोन्हीकडे रेघ आली तर खूण सापडली. फक्त ‘सी’पाशी आली तर खूण सापडली नाही. ‘सी’पाशी रेघ आलीच नाही, तर पट्टी खराब आहे, तपासणी पुन्हा करावी. पाकिटावरची मुदतीची तारीखही वाचावी. ज्या बाईला हे वाचता येते तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

शरीराच्या आत उजेड

२००९ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनात सोन्याचे २५ अणूंचे घोस तयार केले. त्यासाठी भट्टी लागली नाही. आपल्या अंगात असते तेवढी, ३७ अंशांची ऊब पुरली. हे घोस लाल उजेड देतात. रोगट पेशीला जाऊन चिकटेल अशी साल घोसाला दिली, तर ती पेशी उजेडामुळे ओळखता येते. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, आयआयटीत डॉ. टी. प्रदीप आणि त्यांचे विद्यार्थीही सोन्याचांदीच्या घोसांवर पुष्कळ वर्षे काम करीत आहेत.

एखादा विचारील, ‘अहो, पण ते सोनं अंगातच राहिलं तर?’ प्रश्न बरोबर आहे. आपली मूत्रपिंडे म्हणजे बारीक चाळणी. पाच-सहा नॅनोमीटरहून लहान वस्तू तिच्यातून लघवीवाटे जाऊ शकते. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत अडकून राहतात. घोस लहान, म्हणून तो बाहेर पडण्याची आशा जास्त. घोसाला जे महत्त्व आहे ते यासाठी.

मध्यस्थ सोने

लग्न जमवणारा मध्यस्थ दोन घरांची गाठ घालून देतो आणि आपण जसा होता तसा बाहेर पडतो. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. सोने हे आळशी धातू समजले जाई. त्याला गंज नाही, कीट नाही, ते कोणाशी मिसळत नाही.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपले तर माणसे मरतात. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. १९८७ साली जपानमध्ये मासाताके हारुता यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण लोखंडाच्या गंजासारख्या द्रव्यांवर बसवले. शून्याखाली ७० अंश थंडीतही त्या कणांनी या वायूची प्राणवायूशी गाठ घालून दिली आणि त्याचे विष मोडले. आळशी धातू कामाला लागले! पण शेगडी मात्र उघड्या जागीच ठेवा. हे सोने आपल्या खोलीत नाही.

दुसरे उदाहरण पीव्हीसी पाइपाचे. आपल्या शेतात तो असतोच. चीनमध्ये त्याचा कच्चा माल दगडी कोळशापासून करताना पाऱ्याचा उत्प्रेरक वापरत आले. पारा हे मेंदूचे विष. ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ साली सांगितले की येथे सोने चांगले चालेल. पुढे कोळशाच्या भुकटीवर सोन्याचे सुटे अणू बसवलेला उत्प्रेरक कारखान्यात गेला.

तिन्ही गुण एका ठिकाणी

२०१९ साली लंडन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या उंदरांना त्यांनी सोन्याचे घोस टोचले. हे घोस एका मोठ्या प्रथिनाला बांधलेले होते. कर्करोगाच्या गाठीतल्या द्रव्याने ते बंध तोडले. सुटलेले घोस मूत्रपिंडातून लघवीत उतरले. लघवीत एक रसायन घालताच घोसाने मध्यस्थी केली आणि रंग निळा झाला. निरोगी उंदरांच्या लघवीला निळा रंग आला नाही. पाहायला यंत्र लागले नाही, डोळे पुरले.

पुढेमागे हे माणसाला लागू पडले तर खेड्यातल्या माणसाला किती सोय होईल! पण ध्यानात ठेवा, हा प्रयोग उंदरांवर झाला.

कसोटी

सोनार नुसत्या चकाकीवर विश्वास ठेवत नाही. तो सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. औषधाचीही कसोटी असते. आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर.

जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली सांगितले की सोन्याचा एक क्षार क्षयाचे जंतू वाढू देत नाही. पुढे क्षयाच्या रोग्यांना सोन्याची औषधे दिली गेली. ती कसोटीला उतरली नाहीत. त्याच जातीची औषधे सांधे सुजणाऱ्या आमवाताला मात्र उपयोगी पडली. १९८५ साली अमेरिकेत त्याच्या गोळीला परवानगी मिळाली. एके ठिकाणी आशा खोटी ठरली, दुसरीकडे खरी. हे तपासल्यावाचून कळले नसते. क्षयाची आजची औषधे वेगळी आहेत आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

म्हणून कोणी बाटली घेऊन आला आणि म्हणाला, ‘यात नॅनो सोनं आहे, कॅन्सर बरा होतो,’ तर त्याला विचारा, ‘कोणत्या माणसांवर तपासलं? परवान्याचा कागद दाखवा, आम्हाला वाचता येतं.’ सुवर्णभस्मही नोंदणी असलेल्या वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, लेकरांना तर मुळीच देऊ नये. आजाराचे भय मोठे असते. त्या भयात माणूस अंगावरचे मणी-मंगळसूत्र मोडतो, खोट्या औषधात पैसा घालवतो, आणि दवाखान्यात जायचा वेळ निघून जातो. गेलेले सोने पुन्हा करता येईल. गेलेला वेळ येत नाही.

नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथे रसायनशास्त्र शिकवतात. आपल्या घरची मुलेमुली शिकून उद्या अशा कणांवर काम करतील. तोवर आपले काम एवढेच, की पट्टीवरची रेघ, पाकिटावरची तारीख आणि औषधावरचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

प्रश्न

१. सोन्याचा घोस आणि सोन्याचा नॅनोकण यांत कोणता फरक आहे?
२. दोन तोळ्यांहून कमी सोन्याचे अंग दीड एकर कसे होते?
३. पट्टीवर ‘सी’पाशी रेघ आली नाही तर काय समजावे?
४. उत्प्रेरकाला मध्यस्थ का म्हटले आहे?
५. या धड्यातील कोणते उपयोग आज गावात चालू आहेत? कोणते अजून प्रयोगशाळेत आहेत? दोन रकाने करून लिहा.
६. घरातल्या औषधाच्या एका पाकिटावरची मुदतीची तारीख शोधा आणि वर्गात वाचून दाखवा.