आंबागडच्या वाटेवरचा पळस

फाल्गुनातल्या एका रविवारी मी आणि आमचे हे तुमसरजवळच्या आंबागडावर गेलो. गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळातला, साधारण १७०० च्या सुमाराचा हा किल्ला.

पायथ्याशीच पळस फुललेला. पान एकही नाही, नुसती केशरी फुलं! मैना मध प्यायला भांडत होत्या. फूल हातात घेऊन बघा, पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. आणि वास? जवळपास नाहीच. पक्षी रंग बघूनच येतात ना.

थोडं वर मोहाचं झाड होतं. मोहफुलं पहाटे गळतात. पण खालची जमीन काळी पडलेली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा जाळतात, आणि ती आग कधीकधी जंगलात पसरते. कोवळी रोपं, जमिनीवरची अंडी, सगळं जातं. हे म्हणाले, "झाडाखाली जुनी लुगडी अंथरली तर?" बरोबरच आहे, काही गावांत झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात.

वरून धानाच्या बांध्या दिसल्या, मधेमधे केशरी ठिपके. तुमच्या धुऱ्यावर किती पळस आहेत? मोजून वहीत लिहा. पिवळा पळस दिसला तर मला नक्की सांगा, मी अजून शोधतेय.