बिंदूला लांबी नसते : पॉइंट आणि खगोलीय एकक

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये सांगतात, ग्रहांची अंतरे खगोलीय एककात. पहिल्या मापाने दुसरे मोजण्याचा स्वाध्याय मी भाषांतराच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम देतो. गणित सोपे आहे. परिभाषेत नेमकेपणा का लागतो, हे मात्र त्यातून आकड्यांनिशी कळते.

प्रथम व्याख्या पाहू. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये खगोलीय एकक १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे निश्चित केले. पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर साधारण एवढेच आहे. संगणकावरील अक्षरजुळणीत पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, आणि इंच म्हणजे ०.०२५४ मीटर.

म्हणून मीटरच्या आकड्याला ०.०२५४ ने भागावे व ७२ ने गुणावे. उत्तर येते सुमारे ४२४ लाख कोटी पॉइंट. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील संख्यानामांत सांगायचे तर ४.२४ जलधि, जलधि म्हणजे एकावर चौदा शून्ये. एका प्रकाशवर्षाचे पॉइंट केले तर सुमारे २६८ परार्ध होतात, आणि परार्ध हे त्या यादीतील शेवटचे नाव.

खरी अडचण पुढेच आहे. धातूच्या खिळ्यांच्या काळातील अमेरिकी पॉइंट ०.०१३८३७ इंचाचा होता. संगणकाचा सुमारे ०.०१३८८९ इंचाचा आहे. एका अक्षरात हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. पण वरचे उत्तर जुन्या पॉइंटने पुन्हा मीटरमध्ये आणले, तर खगोलीय एकक सुमारे ५ लाख ५९ हजार किलोमीटरांनी आखूड भरते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरांवर आहे! फ्रेंच परंपरेतील दिदो पॉइंट धरला, तर तेच एकक जवळजवळ एक कोटी किलोमीटरांनी लांबते.

तिन्ही मापांचे नाव मात्र 'पॉइंट'च. म्हणून कोणता पॉइंट, हे पहिल्याच उल्लेखात सांगावे. त्याला 'बिंदू' म्हणणे मला पटत नाही, कारण भूमितीतल्या बिंदूला लांबीच नसते. 'प्रकाशवर्ष' लिहितानाही 'लांबीचे एकक' एवढे शब्द जोडावेत. नाहीतर त्यातला 'वर्ष' पाहून विद्यार्थी ते काळाचे माप समजतो. शब्द मराठी असो वा छापखान्यातून आलेला, त्याची व्याख्या सोबत असेल तरच त्याने मोजता येते.