गवतावरची जाहिरात आणि बारावीचं मॅट्रिक्स

आयपीएलच्या सामन्यात यष्टिरक्षकाच्या मागे हिरवळीवर एखादा लोगो पाटीसारखा ताठ उभा दिसतो. तो तिथं खरंच आहे का, हे घरातल्या मुलांना विचारून बघा. असे बरेच लोगो खरे असतात. ते गवतावर मुद्दाम तिरके, ताणून रंगवलेले असतात, म्हणून मुख्य कॅमेऱ्यातून उभे वाटतात आणि बाजूच्या कॅमेऱ्यात विद्रूप दिसतात. काही लोगो मात्र मैदानावर नसतातच. संगणक ते थेट प्रक्षेपणात, चित्र घरोघरी पोहोचायच्या आत बसवतो. ही आभासी जाहिरात. फायदा असा की एकाच सामन्याचं चित्र दोन देशांत दाखवताना दोन वेगळे जाहिरातदार दाखवता येतात.

नांदेड-लातूरच्या पालकांना हे सांगायचं कारण आहे. लातूर पॅटर्ननं आपल्याकडे डॉक्टर आणि इंजिनिअर हे दोन रस्ते चांगले रुंद केले. पण गणितात बरी, जीवशास्त्रात मन न रमणारी आणि मोबाइलवर व्हिडिओ जोडत बसणारी मुलं ‘नीट’च्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात अडकलेली मी पाहतो. त्यांच्यापैकी काहींसाठी हे क्षेत्र आहे. सगळ्यांसाठी नाही.

काम कसं चालतं ते बघू. कॅमेरा डावीकडे फिरला, झूम झाला, तरी लोगो गवताला चिकटून राहिला पाहिजे. त्यासाठी कॅमेरा कुठं, किती अंशात बघतोय आणि भिंग किती पुढं गेलंय हे संगणकाला सतत कळावं लागतं. काही ठिकाणी हे ट्रायपॉडच्या डोक्यावरचे सेन्सर सांगतात, काही ठिकाणी संगणक मैदानावरच्या रेषा पाहून स्वतः ताडतो. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं, म्हणजे प्रत्येक वेळी हाताशी २० मिलिसेकंद. या गणितात चित्र थोडं मागं पडतं, म्हणून आवाजही तेवढाच मागं ठेवावा लागतो. नाहीतर चेंडू बॅटला लागायच्या आधीच ‘टक’ ऐकू येईल.

याहून अवघड भाग पुढं आहे. क्षेत्ररक्षक लोगोवरून धावला तर लोगो त्याच्या पायाखाली राहिला पाहिजे, पोटावर चढता कामा नये. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात २७ सप्टेंबर १९९८ रोजी ईएसपीएनवर मैदानावर आखलेली वाटावी अशी पिवळी रेषा दिसली. स्पोर्टव्हिजन कंपनीच्या त्या रेषेमागची युक्ती रंगाची होती: गवताच्या रंगाच्या जागीच रेषा रंगवायची, बाकी काही झाकायचं नाही. हिरव्यागार मैदानावर हे जमतं. आपलं मे महिन्यातलं मैदान म्हणजे माती, आणि खेळाडूचे पायही त्याच मातीनं माखलेले! तिथं रंगावर भागत नाही. माणूस कुठला आणि जमीन कुठली हे संगणकाला शिकवावं लागतं, आणि मशीन लर्निंग शिकलेल्यांची गरज इथंच पडते. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल आइस हॉकीत २०२२-२३ च्या हंगामापासून रिंगणाभोवतीच्या फळ्यांवरच्या जाहिराती प्रक्षेपणात डिजिटल पद्धतीनं बदलतात. आपल्याकडे मुंबईची क्विडिच इनोव्हेशन लॅब्ज ही कंपनी ड्रोन चित्रीकरणातून क्रिकेटच्या ऑगमेंटेड रिअॅलिटी ग्राफिक्सपर्यंत आली. काम हाकेच्या अंतरावर नाही, पण तपोवन एक्स्प्रेसच्या अंतरावर नक्की आहे.

आता फी भरायच्या आधीचा प्रयोग. कॅरम बोर्डाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. पायथॉन ही संगणकाची भाषा आणि ओपनसीव्ही हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. बोर्डाचे चार कोपरे चित्रात कुठं आहेत हे सांगितलं की संगणक तीन बाय तीनचं एक मॅट्रिक्स काढतो, आणि त्यातून कुठलाही लोगो बोर्डावर सपाट बसवता येतो. बारावीच्या पुस्तकातलं, ‘हे कुठं वापरायचं?’ म्हणून मुलं ज्याच्यावर चिडतात तेच मॅट्रिक्स. मग मोबाइल हलवून बघा. मग लोगो स्ट्रायकर मारणाऱ्या हाताखाली जातो का बघा, तो जाणार नाही. खरा अभ्यास तिथून सुरू होतो. पुढचं शिकायला एनपीटीएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास मोफत आहेत.

शिक्षणाचा रस्ता रुळलेलाच धरा. विष्णुपुरीच्या एसजीजीएसमध्ये किंवा लातूरच्या बिडवे कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स वा संगणक शाखा. दहावीनंतर दोन्ही शहरांतल्या शासकीय तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणंही उत्तम. कॅमेऱ्याची, संकलनाची ओढ जास्त असेल तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल आहे, आणि पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयचे एक वर्षाचे टीव्ही अभ्यासक्रम. त्यात ध्वनिमुद्रण आणि टीव्ही इंजिनिअरिंगचाही एक आहे. ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेल्या अॅनिमेशन क्लासला मात्र लाखभर रुपये देण्याआधी तिथं मॅट्रिक्स आणि कोडिंग शिकवतात का ते विचारा. नुसतं सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकलेला मुलगा पुढच्या आवृत्तीला मागं पडतो.

पालकांनी तोटेही ऐकावेत. हे क्षेत्र लहान आहे. बरंच काम कंत्राटी, सामन्यागणिक, हंगामी असतं. मुलगी सणावाराला घरी नसेल, मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत (ओबी व्हॅनमध्ये) रात्री बारापर्यंत बसलेली असेल, आणि चूक झाली तर ती लाखो घरांत एकदम दिसेल. म्हणून फक्त याच कामासाठी पदवी घेऊ नये. पदवी रुंद असावी. हेच गणित ड्रोन नकाशांत, एक्स-रेच्या चित्रांत आणि निवडणूक निकालाच्या स्टुडिओतही लागतं.

म्हणून यंदाच्या सुटीत मुलांना चार दिवस तो कॅरम बोर्ड आणि लॅपटॉप द्या. लोगो नीट बसला नाही आणि तरी मुलगी रात्री पुन्हा कोड उघडून बसली, तर प्रवेशाच्या अर्जात इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक वर टाका. दोन तासांत कंटाळली, तर आग्रह धरू नका.